एकशेदहा बटणांचं अंतर

६ जानेवारी

पंडितराव,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, दुकान चालू आहे आणि मला तुझ्याकडून काही नको आहे.

रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला. विकत घेऊन नाही. एका गिऱ्हाईकाने आखूड करायची पँट त्यातच गुंडाळून आणली होती. वर तुझा फोटो, गालाला हात लावलेला, दाढ दुखत असल्यासारखा. खाली मथळा: ‘सूर्य-चंद्र सारखेच का दिसतात? एका शिंप्याने दिलेलं उत्तर.’ म्हटलं चला, चौपन्नाव्या वर्षी का होईना, बाप शिंपी आहे हे जगाला सांगावंसं वाटलं.

पुढे वाचलं आणि कपाळाला हात लावला. सात वर्षांचा तू दुकानात बसून विचारतोस, ‘बाबा, सूर्य मोठा की चंद्र?’ बाबा शर्टाचं बटण चिमटीत धरून हात लांब करतात, आधी चंद्र झाकतात, मग सूर्य झाकतात आणि तुझ्या मनात ‘विज्ञानाची पहिली ज्योत’ पेटते. वा रे ज्योत! मी तेव्हापासून याच दुकानात काजं करतेय, मला कधी धूरसुद्धा दिसला नाही.

आता तीन गोष्टी नीट ऐक. पहिली, हात लांब करून धरलेलं बटण चंद्राच्या दुप्पट दिसतं. म्हणजे तू करून न बघताच लिहिलंस. दुसरी, बटण धरून सूर्याकडे बघा असं सांगणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा त्याला चष्म्याचं दुकान टाकायचं असतं. तिसरी, तो प्रश्न तू विचारलाच नव्हतास. मी विचारला होता. तेव्हा पुढच्या रविवारी चूक दुरुस्त कर आणि बाबांना यात ओढू नकोस.

त्यांना लेख वाचून दाखवलेला नाही. त्यांना स्वतःला आता वाचता येत नाही, एवढं तुझ्या लक्षात असेल अशी आशा आहे.

ताई


१५ जानेवारी

प्रिय ताई,

सादर नमस्कार. पत्र उघडल्यावर हात भाजला, तरी शेवटपर्यंत वाचलं.

वर्तमानपत्रातला लेख म्हणजे ब्लाउजचं माप नव्हे. वाचकाला ढोबळ कल्पना यावी एवढाच हेतू असतो. सूर्य चंद्राच्या चारशे पट रुंद आहे आणि साधारण चारशे पटच लांब आहे, म्हणून आकाशात दोघे एकाच आकाराचे दिसतात. निसर्गाची ही अचूक योजना सामान्य माणसाला एका बटणातून समजली, तर तुझ्या पोटात का दुखावं? आणि प्रश्न मीच विचारला होता. माझी स्मरणशक्ती हा माझा व्यवसाय आहे.

तुला आनंद होणार नाही हे गृहीत धरून एक आनंदाची बातमी देतो. पाठ्यपुस्तक समितीने हा लेख पाचवीच्या पुस्तकासाठी निवडला आहे. पाठ अठरावा, ‘बटणाआडचा सूर्य’. चित्रात एक मुलगा बटण धरून सूर्याकडे बघतोय. लाखभर मुलं हा प्रयोग करतील. पंचवीस फेब्रुवारीला पुस्तक छपाईला जाईल. त्याआधी बाबांचा बटण धरलेला फोटो हवा आहे. फोटोवाल्याला मी पाठवतो, तू फक्त त्यांना इस्त्रीचा शर्ट घाल.

मी स्वतः येत नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे. गेल्या मे महिन्यात आलो होतो तेव्हा चाळीस मिनिटं मी समोर बसलो होतो आणि बाबा माझ्या उजव्या कानामागच्या कपाटाशी बोलत होते. मी खुर्ची सरकवून त्यांच्या नजरेसमोर गेलो, तर त्यांनी मान आणखी वळवली. तीनदा सरकलो, तीनदा वळवली. दुकान सांभाळलं नाही म्हणून मुलाचं तोंडही बघायचं नसेल तर तसं सांगावं. या वयात मला ते सोसत नाही.

तुझा,
भाऊ


२२ जानेवारी

प्रकांडपंडित,

आशीर्वाद. लाखभर मुलं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

बाबा कपाटाशी बोलत होते म्हणतोस. कपाट निदान रोज घरी असतं.

आधी बटणाचं. घरात टेप आहे का? नसेल तर शेजाऱ्याकडून माग. शर्टाचं साधं बटण अकरा मिलिमीटरचं असतं. ते खिडकीच्या काचेला मेणाने चिकटव. समोर चंद्र आला की एक डोळा मिट आणि मागे मागे सरक, चंद्र बटणाआड नेमका मावेपर्यंत. मग काचेपासून डोळ्यापर्यंत टेप लाव. एकशेवीस सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे बटणाच्या रुंदीच्या साधारण एकशेदहा पट. कोटाचं मोठं बटण घेतलंस तर आणखी मागे जावं लागेल, पण तेही त्याच्या रुंदीच्या एकशेदहा पटच. चंद्र आपल्यापासून स्वतःच्या अंगाच्या एकशेदहा पट लांब उभा आहे आणि सूर्यही स्वतःच्या अंगाच्या जवळजवळ तेवढाच. म्हणून दोघं एका मापाचे दिसतात. बाबांचं उत्तर हे होतं. चारशेचा आकडा तुझ्या पुस्तकांतला.

आणि ‘अचूक योजना’ कसली डोंबलाची? चंद्र दर वर्षी दोन बोटं लांब सरकतो, हे तुझ्याच जुन्या लेखात वाचलंय. ग्रहणात कधी सूर्य पुरता झाकला जातो, कधी भोवती कड उरते. हे काही बेतून शिवलेलं नाही. उरलेला तुकडा नेमका बसला, एवढंच.

आता सूर्याचं. ते वाक्य काढ आणि ते चित्रही काढ. सूर्य हे मापाला उभं राहणारं गिऱ्हाईक नाही. दोन मिनिटांत तो स्वतःच्या अंगाएवढा सरकतो आणि बटणाआडून बाहेर येतो. मूल मान हलवून पुन्हा त्याला झाकायला जाणार, पुन्हा तो निसटणार आणि दर वेळी ती कड डोळ्यात शिरणार. भाजताना कळत नाही, दुखत नाही. म्हणून कुणी थांबतही नाही.

फोटोवाला आला तर त्याच्याच अंगाचं माप घेऊन परत पाठवीन. बाबांना यातलं काही विचारू नकोस. आणि पुन्हा सांगते, प्रश्न माझा होता.

ताई


३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. टेप विकत आणली, बटण लावलं, चंद्र मावला. एकशेएकोणीस आलं. जिंकलीस. पाठात दुरुस्ती करतो: काचेवर बटण, एकशेवीस सेंटिमीटर. एकशेदहा पटीची युक्तीही घालतो, फार सुबक आहे.

सूर्य मात्र राहील. तोच काढला तर पाठात उरलं काय? समितीत पाच विद्वान आहेत. त्यांना न दिसलेला धोका तुला शिलाई मशीनमागे बसून दिसतो, हे कौतुकास्पद आहे. ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ अशी तळटीप टाकली आहे. तू तर असं वर्णन केलंस, जणू कुणाचा डोळा जाताना शेजारी उभी होतीस. राईचा पर्वत करण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही.

आता तुझ्या तिसऱ्या मुद्द्याबद्दल. मी हसण्यावारी नेणार होतो, पण तू तो पुन्हा पुन्हा उगाळतेस म्हणून लिहितो. तू खोटं बोलते आहेस. मला तो दिवस आठवतो. तू दाराशी बसून काजं करत होतीस. मी प्रश्न विचारला, तेव्हा तू ओरडलीस, ‘गप रे, बाबांना उद्या बारा कोट द्यायचेत.’ आणि बाबांनी मशीन थांबवलं. माझ्यासाठी त्यांनी मशीन थांबवल्याची माझ्याकडे एवढी एकच आठवण आहे, ताई. बाकी सगळा बाप तुझ्याच वाट्याला आला. तीही तुला हवी आहे का?

त्याच आठवड्यात मशीनची सुई मोडून तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला आणि घराचा नूरच पालटला. त्यानंतर मला कुणी मशीनजवळ फिरकू दिलं नाही. त्याआधीचा तो एक दिवस माझा आहे. तो मी छापणार.

भाऊ


११ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं बरोबर आहे. प्रश्न तूच विचारला होतास. मी ओरडले होते, बाबांनी मशीन थांबवलं होतं. मी खोटं बोलले आणि आणखी वीस वर्षं बोलले असते, पण तू लाखभर पोरांना उन्हात उभं करायला निघालास. बाबांना विचारून लिहीत नाहीये. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

सुई कधी मोडलीच नव्हती.

जरा आठव. सुईचा तुकडा डोळ्यात गेलेला माणूस. बुबुळावर ओरखडा नाही, डोळ्यावर पट्टी नाही, एक दिवस दवाखाना नाही. निरीक्षणाचा एवढा डांगोरा पिटतोस, सत्तेचाळीस वर्षांत एकदा तरी शंका यावी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चंद्राचं माप संध्याकाळी घेतलं, दुकानाच्या मागच्या खिडकीतून. तू म्हणालास, ‘आणि सूर्याचं?’ बाबा म्हणाले, ‘दोन्ही मापं घेतल्याशिवाय कसं सांगणार?’ दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलास आणि दहाच्या सुमाराला ऊन पुढच्या खिडकीत आलं. बाबांनी बटण काचेला लावलं, डावा डोळा मिटला आणि उजवा सूर्याला लावला. टेप मी धरली होती. तेरा वर्षांची होते, मला काय कळत होतं? ते म्हणायचे, ‘सरकला, सरकला,’ की मान हलवून पुन्हा झाकायचे. मी आकडे वाचत होते. एकशेअठरा, एकशेवीस, एकशेएकोणीस. एकाही मापाची त्यांना खात्री वाटेना, म्हणून दहा-बारा वेळा घेतलं. शिंप्याची खोड. तुला ढोबळ कल्पना चालते, त्यांना चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईत दोरा ओवायला बसले आणि म्हणाले, ‘नेढं कुठं गेलं?’ उजव्या डोळ्याने जिथं बघतील तिथंच राखी ठिपका. कडेचं सगळं दिसायचं, मधलं तेवढं नाही. महिनाभर वाट बघितली, ठिपका हलला नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, ‘त्याला सांगू नकोस. कळलं तर पुन्हा कधी काही विचारणार नाही. सुई मोडली म्हण.’ मी म्हटलं. तुला मशीनजवळ येऊ दिलं नाही, कारण तू विचारलं असतंस, कुठली सुई, दाखव.

सूर्याचं माप त्यांनी नंतर घेतलंच. कोटाच्या बाहीचा पुठ्ठ्याचा साचा खिडकीत टांगलेला होता. त्याला टोच्याने पाडलेलं भोक होतं आणि त्यातून समोरच्या भिंतीवर उजेडाचं गोल पडलं होतं. ते भोकाचं गोल नव्हतं, सूर्याचंच होतं. बाबा खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, ‘घे टेप.’ पुठ्ठ्यापासून भिंत दोनशेवीस सेंटिमीटर, गोल दोन सेंटिमीटर. एकशेदहा पट. ते हसले. म्हणाले, ‘सूर्याचं माप पाठमोरं घ्यायचं असतं. आधी सुचायला हवं होतं.’ मग तुला बोलावून उत्तर दिलं, दोघांचंही माप एकच. तुला उत्तर आठवतं, मधले दिवस आठवत नाहीत.

पुढची सगळी शिलाई त्यांनी डाव्या डोळ्यावर केली. दोन वर्षांपूर्वी त्या डोळ्याचा पडदा सुटला. तू तेव्हा ‘उत्तम डॉक्टरला दाखवा’ असं कळवून मोकळा झालास. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. डॉक्टरने उजवा डोळा तपासून विचारलं, ‘आजोबा, कधी सूर्याकडे टक लावून बघितलं होतं का?’ बाबा म्हणाले, ‘शिंप्याला एवढा वेळ असतो होय?’

आता त्यांच्याकडे उजव्या डोळ्याची कड तेवढी उरली आहे. सरळ तुझ्याकडे बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी ठिपका येतो. तू दिसावास म्हणून ते तुझ्या कानामागच्या कपाटाकडे बघत होते. तू खुर्ची सरकवून ठिपक्यात जाऊन बसायचास आणि ते बिचारे मान वळवून पुन्हा तुला शोधायचे. तू गेल्यावर मला म्हणाले, ‘केस पिकले की त्याचे. आणि स्वस्थ म्हणून बसत नाही, अगदी लहानपणासारखा.’

तू प्रश्न विचारलास याचा मला कधीच राग नव्हता. राग याचा आहे की जी जिज्ञासा त्यांनी डोळा देऊन जपली, ती एकदाही त्यांच्या डोळ्याकडे वळली नाही. दुरून डोंगर साजरे, तसा तुला बाप लेखातच साजरा दिसतो.

आता छाप तुझा दिवस.

ताई


१ मार्च

पंडितराव,

मौनव्रत पुरे झालं. पंचवीस तारीख उलटून गेली. पाठाचं काय झालं ते एका ओळीत कळव. माझ्या पत्राने तुझं काय झालं ते कळवलं नाहीस तरी चालेल.

ताई


६ मार्च

ताई,

पाठ थांबवला.

एका ओळीत एवढंच मावतं. उरलेलं तुला नको असलं तरी लिहितो.

तेवीस तारखेला समितीपुढे गेलो. अध्यक्ष म्हणाले, ‘अहो, पानं तयार आहेत. एवढं काय घाबरायचं? कुणाला काही झालंय का?’ मी म्हणालो, ‘झालंय. आमच्या घरात.’ त्यांनी विचारलं, ‘आणि लेख लिहिताना हे तुम्हाला माहीत नव्हतं?’ पाच विद्वान माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, ‘नव्हतं.’ मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं, ताई. आयुष्यभर लोकांच्या अज्ञानावर लेख लिहिले आणि माझं एवढं मोठं अज्ञान मला टेबलावर मांडून दाखवावं लागलं.

पाठ दोन दिवसांत नव्याने लिहिला. चंद्रासाठी काचेवरचं बटण. सूर्यासाठी भोक पाडलेला पुठ्ठा, आणि मुलीची सूर्याकडे पाठ. हो, चित्रात आता मुलगी आहे, हातात टेप धरलेली. सूर्याकडे कधीच बघायचं नाही, हे वाक्य तळटिपेत नाही, पहिल्या ओळीत आहे. निसर्गाची योजना काढून टाकली. ‘उरलेला तुकडा नेमका बसला’ हे तुझं वाक्य चोरलं आहे. पाठाचं नाव ‘पाठमोरं माप’. त्याची प्रत सोबत जोडली आहे. लेखक म्हणून माझं नाव नाही.

स्वतः करून बघितलं, या वेळी लिहिण्याआधी. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो. भिंतीवर सूर्य पडला होता, बटणापेक्षा थोडा मोठा. मी टेप लावली आणि आकडा वाचायला कुणी नव्हतं. तिथंच खाली बसून रडलो.

रविवारी येतोय. बाबांना काय सांगू? मला कळलंय असं सांगू, की काहीच बोलू नको? मला खरंच कळत नाही. तूच सांग.

भाऊ


१० मार्च

भाऊ,

आशीर्वाद. एवढा मोठा लेखक आणि बापाशी काय बोलायचं ते बहिणीला विचारतो. कठीण आहे बाबा तुझं.

बरं, ऐक. पाठाची प्रत काल बाबांना वाचून दाखवली. रविवारच्या त्या लेखापेक्षा बरा आहे, म्हणजे वाचवतो. पुठ्ठ्याचं भोक आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. मी वाचत राहिले. संपल्यावर म्हणाले, ‘हे त्याला कुणी सांगितलं? पाठमोऱ्या मापाचं?’ मी मशीनवर बसले आणि पायजम्याची शिवण घालायला लागले. म्हणाले, ‘तू सांगितलंस.’ पायजमा अर्धा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मग आता तो काही विचारायचा थांबलाय का?’

मी म्हटलं, नाही. उलट आता कुठे सुरुवात केलीय.

तेव्हा माफीबिफी मागत बसू नकोस, त्यांना ते आवडणार नाही आणि मला बघवणार नाही. एखादा प्रश्न घेऊन ये. खरा, उत्तर माहीत नसलेला. रविवारी मशीन बंदच असतं, पण ते मला म्हणाले, तो येईल तेव्हा चालू ठेव, म्हणजे थांबवता येईल. माझा बाप म्हातारपणी असा नाटकी झालाय.

खुर्ची खिडकीपाशी ठेवली आहे, उजेड तोंडावर येईल अशी. तिथं बस. आणि ते कपाटाकडे बघायला लागले की हलू नकोस.

ताई